गजरी तुरीचा देश

सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात तुरीचा भाव आता दोन वाटांनी कळतो. एक जुनी वाट, सौद्याच्या वेळी ढिगापाशी उभे राहून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे. दुसरी वाट त्याहून आधीची, सकाळी मुंबईच्या दलालाकडून मोबाइलवर येणारी यादी. या यादीत देशी लाल-पांढऱ्या तुरीच्या खाली लेमन, अरुशा, मटवारा, मलावी आणि गजरी अशी नावे असतात. लेमन ही ब्रह्मदेशची. अरुशा हे टांझानियाच्या उत्तरेकडील शहर, तर मटवारा हे त्याच देशाच्या दक्षिण टोकाचे बंदर. तेथून रुवुमा नदी ओलांडली की जो देश लागतो त्याची तूर ती गजरी, आणि तो देश म्हणजे मोझांबिक. व्यापाऱ्याच्या तोंडी देशाचे नाव क्वचितच येते. ‘गजरी काय निघाली?’ एवढ्या प्रश्नात त्याचे काम भागते.

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, शेजारचे लातूर आणि कलबुर्गी हा तर तुरीचाच मुलूख. येथील काळ्या जमिनीत, साडेपाचशे मिलिमीटरच्या बेभरवशाच्या पावसावर, ज्वारीच्या खालोखाल भरवसा ठेवावा असे पीक म्हणजे तूर. अशा मुलखातील डाळमिलला समुद्रापलीकडची तूर का लागावी? पिकाची तूट हे त्याचे एक उत्तर आहे. भारत जगातील सर्वांत मोठा तूर-उत्पादक असूनही खाणारी तोंडे त्याहून अधिक आहेत. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरे उत्तर पंचांगात सापडते. आपली तूर मृगा-आर्द्रात पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत यार्डात येते. मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथील पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. तूर त्या पावसावर पेरायची आणि जुलै-ऑगस्टपासून काढणीला घ्यायची. नाकाला बंदरात भरलेला माल न्हावा-शेवाला उतरतो तो नेमका सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दिवसांत. त्या वेळी मिलवाल्यांची जुनी तूर संपत आलेली असते, नवी अजून फुलावर असते, आणि दसरा-दिवाळीची मागणी दाराशी उभी असते. दोन गोलार्धांच्या ऋतूंतील हे अंतर म्हणजेच गजरी तुरीचे सारे अर्थशास्त्र होय.

नकाशावर पाहिले तर हा देश आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर उभ्या लांबट पट्टीसारखा पसरलेला दिसतो. क्षेत्रफळ सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटींहून अधिक. लोकसंख्या मात्र साडेतीन कोटींच्या आसपास. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटरचा. मोझांबिकचा जवळजवळ अडीच हजार. मधोमध झांबेझी नदी वाहते. तिच्यावरचे काहोरा बासा हे धरण आफ्रिकेतील मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी एक आहे. राजधानी मापुटो अगदी दक्षिणेच्या टोकाला, आपल्याच उत्तर प्रांतांपेक्षा जोहान्सबर्गला कितीतरी जवळ. देशातील लोहमार्ग पाहिले की वसाहतीचा हिशेब लक्षात येतो. मापुटोचा मार्ग दक्षिण आफ्रिकेकडे जातो, बैराचा झिंबाब्वेकडे आणि नाकालाचा मलावीकडे. तिन्ही समुद्राकडून आत जाणारे. दक्षिणोत्तर देश जोडणारा एकही नाही. शेजाऱ्याचा माल बंदरापर्यंत आणून द्यावा एवढ्यासाठीच जणू हा देश आखला गेला.

तूर पिकते ती उत्तरेत, नांपुला आणि झांबेझिया या प्रांतांत. सपाट भुईतून एकाएकी वर आलेले काळेकरडे ग्रॅनाइटचे घुमट, त्यांच्या पायथ्याशी तांबडी माती, गुरुए परिसरात चहाचे मळे, असा तो प्रदेश. पाऊस सोलापूरच्या जवळजवळ दुप्पट. एवढा पाऊस मंगळवेढ्याला मिळाला असता तर, असे कोणाही सोलापूरकराच्या मनात येईल. परंतु त्या शेतात बैल नाही. त्से-त्से माशीच्या उपद्रवामुळे उत्तरेच्या मोठ्या भागात गुरे टिकत नाहीत, म्हणून नांगर नाही, कुळव नाही, बैलगाडी नाही. हेक्टर-दीड हेक्टर जमीन नवरा-बायको आखूड दांड्याच्या कुदळीने खणतात. मक्याच्या आणि कसाव्याच्या ओळींत तूर टाकतात आणि काढलेले पीक डोक्यावरून किंवा सायकलवरून रस्त्यापर्यंत आणतात. सोलापूरच्या ज्या शेतकऱ्याने बैलपोळा साजरा केला आहे, त्याला या कष्टाचे मोजमाप सांगावे लागणार नाही.

त्यांच्या ताटाकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्याला ‘शिमा’ म्हणतात, हे मुख्य अन्न. त्याच्या जोडीला कसावा. आपल्याकडच्या साबुदाण्याचे मूळ ते हेच कंद. कसाव्याचा कोवळा पाला कुटून, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि नारळाचे दूध घालून केलेली ‘मटापा’ ही भाजी तर तेथील अभिमानाचा पदार्थ. शेंगाचटणीच्या गावाला शेंगदाण्याचे हे प्रेम परके वाटू नये. या ताटात तूर मात्र फारशी नाही. काही भागांत ओल्या शेंगांचे दाणे शिजवून खातात. पण वाळलेली तूर भरडून डाळ करावी, तिचे रोजचे वरण करावे, ही रीत तिथे रुजलेली नाही. मका आणि कसावा पोटासाठी. तूर रोख पैशासाठी. मुलाच्या शाळेचे, मिठाचे, साबणाचे, पत्र्याचे पैसे तीच आणते. तिचा गिऱ्हाईक मुख्यतः एकच, आणि तो समुद्रापलीकडे. गिऱ्हाईकाने पाठ फिरवली तर ती तूर घरात रिचवण्याचा मार्ग त्या कुटुंबाकडे जवळपास नाही.

पोर्तुगीज भाषेत तेथे तुरीला ‘फैजाँव बोएर’ म्हणतात. तुरीचे मूळ घर भारत. प्राचीन काळीच ती आफ्रिकेत पोहोचली. म्हणजे आपलेच बियाणे फिरून आपल्याकडे येत आहे. आणखी एक योगायोग असा, की आफ्रिकेतील तुरीच्या सुधारित वाणांवर ज्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने काम केले, तिचे मुख्यालय सोलापूरहून हैदराबादला जाताना याच महामार्गावर, पाटणचेरूला आहे. सोलापूरचे कितीतरी व्यापारी तिच्या फाटकासमोरून वर्षातून दहा वेळा जात असतील.

मोझांबिकशी आपला संबंध तुरीने सुरू झाला असे मात्र नाही. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला येण्यापूर्वी याच किनाऱ्यावर, मोझांबिक नावाच्या लहानशा बेटावर थांबला होता. पुढे पोर्तुगीजांनी तेथे ठाणे केले, आणि १७५२ पर्यंत त्या साऱ्या प्रदेशाचा कारभार गोव्याहून चालत असे. म्हणजे मांडवीच्या काठी बसलेला व्हाइसरॉय आफ्रिकेतील कप्तानांना हुकूम पाठवी. १६८६ मध्ये दीव आणि मोझांबिक यांच्यातील व्यापाराचा मक्ता पोर्तुगीजांनी दीवच्या वाणियांच्या मंडळाला दिला. यांत हिंदू होते, तसे जैनही होते. शिडाची जहाजे हिवाळ्यातील ईशान्येच्या वाऱ्यावर आफ्रिकेकडे जात आणि नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर परत येत. सोलापूरला समुद्र नाही. पण ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ज्या सिंधिया कंपनीचे, तिचे एक संस्थापक वालचंद हिराचंद याच गावात जन्मले. तेव्हा जहाजाची गोष्ट येथे अगदीच अप्रस्तुत नाही.

दीवच्या त्या व्यापाऱ्यांचे कौशल्य आजही थक्क करते. गुजरातेत जंबुसरच्या विणकरांकडून कापड घ्यायचे आणि आफ्रिकेत खपवायचे. पण तेथील गिऱ्हाईकाची आवड वर्षावर्षाला बदले. कोणता पट्टा, कोणता रंग, केवढा पन्हा यंदा चालेल याची खबर आतल्या मुलखातून किनाऱ्यावर येई, तेथून जहाजाने दीवला आणि दीवहून जंबुसरच्या मागापर्यंत. त्यात चूक झाली तर गठ्ठे तसेच पडून राहत. तार नाही, टपाल नाही, तरी हजारो मैलांवरच्या माखुवा गिऱ्हाईकाच्या कमरेचे कापड या व्यापाऱ्याला ठाऊक असे. आज तेथील स्त्रिया जे रंगीत छापील कापड कमरेला गुंडाळतात, त्यातच पाठीशी बाळ बांधतात, त्या ‘कापुलाना’च्या इतिहासात या व्यापाराचा धागा आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारे ‘शामुसा’ आणि ‘बाजिया’ हे पदार्थ आणि ‘अचार’ हा शब्द कोठून गेले, हे वेगळे सांगावयास नको.

मात्र त्या खतावणीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. कापडाच्या बदल्यात काय येई? मुख्यतः हस्तिदंत. गुजरातेत नववधूचे चुडे त्याचे होत, म्हणून मागणी कधी आटत नसे. आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत माणसेही. गुलामांच्या व्यापारात यांपैकी काहींचे भांडवल होते, काहींची जहाजे होती. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, आणि ज्यात दासदासींचा विक्रय येतो ते केशवाणिज्यही आहे. घरी पाणी गाळून पिणाऱ्यांच्या वहीत हे जमा-खर्च कसे लिहिले गेले असतील? आपल्या व्यापारी पूर्वजांच्या साहसाचा गौरव समाजाच्या सभांतून नेहमी होतो, आणि तो व्हावा. पण मोझांबिक बेटाचे पान उघडताना ते अर्धेच वाचणे प्रामाणिकपणाचे नाही.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात असा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्याचा राग पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबले, मालमत्ता गोठवली, पुढे अनेकांना देश सोडावा लागला. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले, पण दोनच वर्षांत यादवी पेटली. ती १९९२ च्या रोम करारापर्यंत धुमसत राहिली. कोळसा आणि वायू यांची मोठी संपत्ती तेथे आहे. उत्तरेकडील रुवुमा खोऱ्यातील वायूच्या एका क्षेत्रात भारताच्या तीन सरकारी तेलकंपन्यांच्या गटांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. मात्र त्याच काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून सशस्त्र बंड चालू आहे आणि २०२१ मध्ये ते काम थांबवावे लागले. यांत मोठ्या कंपन्यांचे आकडे येतात. नांपुलाच्या शेतकऱ्याला मात्र या साऱ्यापेक्षा तुरीचा भाव जवळचा आहे.

काजूची हकीकत येथे आठवते. स्वातंत्र्यापूर्वी मोझांबिक जगातील अग्रगण्य काजू-उत्पादक होते आणि काजू फोडण्याचे कारखानेही त्या देशात उभे होते. १९९० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या काजूवरील निर्यातकर घटवला गेला. कच्चा काजू भारतातील कारखान्यांकडे वळला, तेथील कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळ स्त्रिया, घरी बसले. कागदावर सिद्धान्त निर्दोष होता. कोलमच्या मजुराला काम मिळाले हेही खरे. पण एका देशाच्या धोरणातील ओळ दुसऱ्या देशाच्या चुलीपर्यंत कशी पोहोचते याचा तो पहिला धडा होता. दुसरा धडा तुरीने दिला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. दोन वर्षांच्या दुष्काळाने पीक घटले होते. साठामर्यादा आल्या, महाराष्ट्रात गोदामांवर छापे पडले, आणि व्यापारी म्हणजे साठेबाज असे समीकरण वृत्तपत्रांतून मांडले गेले. प्रामाणिक पेढ्यांनाही ते दिवस अवघड गेले. सरकारने मग दूरची सोय पाहिली. ७ जुलै २०१६ रोजी पंतप्रधानांच्या मापुटो भेटीत करार झाला. मोझांबिकने २०१६-१७ मध्ये एक लाख टन तूर द्यावी आणि २०२०-२१ पर्यंत हा आकडा वाढवत दोन लाख टनांवर न्यावा, असे ठरले. नांपुला-झांबेझियात ही बातमी गेली. भाव चांगला होता, गिऱ्हाईक खात्रीचे होते. नोव्हेंबर-डिसेंबर २०१६ च्या पावसावर लोकांनी हात सैल सोडून तूर पेरली.

इकडे त्याच वर्षी पाऊस भरभरून झाला आणि आपल्याही शेतकऱ्याने हात सैल सोडला होता. देशाचे तूर-उत्पादन वर्षभरात सुमारे २५ लाख टनांवरून जवळजवळ ४८ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल, पण यार्डात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळू लागला. २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, शेतकरी तुरीच्या ढिगांवर रात्री झोपले. मार्चअखेर आयातीवर १० टक्के शुल्क बसले. मग ५ ऑगस्ट २०१७ रोजी तुरीच्या खाजगी आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली गेली. करारातील कोटा त्यातून वगळला होता. पण मोझांबिकचे पीक त्या कोट्याहून कितीतरी अधिक होते. ऑगस्ट हा तेथील काढणीचा महिना. तूर रस्त्याकडेच्या काट्यापाशी आली आणि घेणारा नाही. भाव असा कोसळला की पोते डोक्यावर वाहून आणण्याचे मोलही सुटेना. बार्शीच्या शेतकऱ्याचे दुःख सांगायला वर्तमानपत्रे होती, आमदार होते, नाफेड होती. नांपुलाच्या माणसापाशी यांपैकी फारसे काही नव्हते.

दिल्लीने केले ते आपल्या शेतकऱ्यासाठी केले, आणि सोलापूर जिल्ह्यात राहून त्याला नावे ठेवणे शोभणार नाही. परंतु एका हंगामात ‘पेरा’ म्हणायचे आणि ते पीक उभे असता ‘थांबा’ म्हणायचे, याला कोणत्याही पेढीवर सौदा म्हणत नाहीत. दोन्हीकडचे शेतकरी कोरडवाहू, दोन्हीकडचे लहान. गेल्या वर्षीचा भाव पाहून यंदा पेरणारे. एकाला वाचवण्याचा भार दुसऱ्यावर पडला, एवढेच.

व्यापारी या दोघांच्या मध्ये उभा असतो, आणि त्याचीही जोखीम लहान नाही. सौदा डॉलरमध्ये, टनाच्या हिशेबाने, न्हावा-शेवा पोहोच ठरतो. आयातदार बँकेत लेटर ऑफ क्रेडिट उघडतो. तिकडे माल कंटेनरमध्ये भरला जातो, धुरीकरणाचा आणि पीकरोगमुक्ततेचा दाखला घेतला जातो, कागद बँकेत येतात, आणि कागद बिनचूक असले की पैसे द्यावे लागतात. लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक कागद पाहते, माल पाहत नाही. हा नियम नवख्याला महाग पडतो. माल समुद्रावर असता इकडचा भाव क्विंटलमागे पाचशे रुपये उतरला तर नफा बंदरावरच बुडतो. मग काहीजण ओलावा, किडका दाणा, रंग अशी निमित्ते काढून भाव तोडू पाहतात. भाव चढला तर पलीकडचा निर्यातदार माल उशिरा भरतो. दोन्हीही प्रकार घडतात, आणि दोन्हींची वसुली शेवटी त्या काट्यापाशी उभ्या असलेल्या कुदळवाल्याकडूनच होते, कारण त्याच्या पुढे कोणी नाही. सौद्याचा शब्द पाळणारा आयातदार तेथे जो भाव देऊ शकतो तो शब्द मोडणाऱ्यांमुळे सर्वांसाठीच उतरतो, हे जुन्या पेढ्यांना सांगावे लागत नाही. नव्यांना सांगितले पाहिजे.

२०१७ नंतर चक्र पुन्हा फिरले. आपल्याकडे तूट आली. १५ मे २०२१ पासून आयात मोकळी झाली. मोझांबिकशी वर्षाला दोन लाख टनांचा करार २०२५-२६ पर्यंत वाढवला गेला, मलावीशी पन्नास हजार टनांचा वेगळा झाला. दरम्यान मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा मदतीला प्रथम पोहोचलेल्यांत भारतीय नौदलाची तीन जहाजे होती. २०२३ च्या आरंभी फ्रेडी वादळ झांबेझियावर, तुरीच्याच मुलखावर, आले. त्याच वर्षाअखेर तेथील निर्यातदारांच्या आपसांतील आणि सरकारी खात्यांशी झालेल्या वादांत नाकाला बंदरातील माल अडकून पडला. तेव्हा सोलापूरच्या गादीवर ‘गजरी का येईना?’ असा प्रश्न उठला, आणि किराणा दुकानात डाळ का तापली याचे उत्तर पाच हजार किलोमीटरवरच्या एका बंदरात सापडले.

काही पेढ्यांतील तरुण आता स्वतः नांपुला आणि नाकालाला जाऊन खरेदी पाहू लागले आहेत. पोर्तुगीज चार वाक्यांपुरती शिकतात, माखुवा भाषेतील नमस्कार शिकतात. दीवच्या वाणियाला माखुवा गिऱ्हाईकाचा पन्हा ठाऊक होता. या तरुणांना माखुवा शेतकऱ्याचा पेरा ठाऊक होत आहे. पेरणीपूर्वी गावाशी भाव बोलून ठेवायचा आणि काढणीला तो पाळायचा, असा व्यवहार त्यांच्या मनात आहे. पण त्यांचा अडसर तेथे नाही, येथे आहे. तुरीच्या मोकळ्या आयातीची मुदत गेली काही वर्षे ३१ मार्चला संपते आणि ती वाढणार की नाही ते पेरणीच्या वेळी ठाऊक नसते. नांपुलात ३१ मार्चपर्यंत तूर पेरून चार महिने झालेले असतात आणि ती रानात उभी असते.